नॉर्मल मॅप सेव्ह करताना नेमकं कुठे बिघडतं?

चिलखतावर रिव्हेट्सची एक ओळ आहे. टेक्स्चर, म्हणजे मॉडेलवर चढवायचं चित्र, बनवणाऱ्याने एकेक रिव्हेट मन लावून घडवलाय आणि त्याच्या प्रोग्रॅममध्ये तो छान उठून दिसतोय. फाइल सेव्ह होते, गेमच्या फोल्डरमध्ये जाते, गेम सुरू होतो, आणि वर आलेले रिव्हेट पत्र्यात पडलेल्या खड्ड्यांसारखे दिसतात. कधी अख्खं चिलखत ओल्या प्लॅस्टिकसारखं चमकायला लागतं. कधी लांबून सगळं ठीक वाटतं, पण जवळ गेलं की गुळगुळीत धातूवर बारीक चौकोनी ठिपके उमटलेले असतात.

मॉडिंगला, म्हणजे तयार गेममध्ये आपले बदल घालायला, नव्याने लागलेला माणूस इथे हमखास अडकतो. तो मॉडेल पुन्हा तपासतो, गेममधला प्रकाश बदलून बघतो, शेवटी गेम काढून पुन्हा टाकतो. त्याच्या कारागिरीत बहुतेक वेळा काही खोट नसते. घोळ होतो तो सेव्ह करताना उघडणाऱ्या छोट्या खिडकीत. तिथे बीसी१, बीसी३, बीसी५, बीसी७ अशी यादी येते आणि त्यातलं काय, कशासाठी, याचा पत्ता लागत नाही. वरच्या तिन्ही तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत, पण ती एकाच गैरसमजातून निघतात, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

चित्रासारखी दिसणारी आकड्यांची वही

गेममधली भिंत किंवा चिलखत म्हणजे त्रिकोणांचा सांगाडा असतो. प्रत्येक ओरखडा, प्रत्येक शिवण त्रिकोणांनी घडवायची म्हटली तर कोणताही संगणक दमेल. पण डोळ्याला खोली जाणवते ती मुख्यतः प्रकाश-सावलीमुळे, आणि एखाद्या ठिकाणी किती उजेड पडेल हे त्या ठिकाणचा पृष्ठभाग कुणीकडे तोंड करून आहे यावर ठरतं. प्रकाशाच्या परावर्तनाच्या धड्यात आपण आरशाला काटकोनात एक रेषा काढायचो, ती स्तंभिका. तीच इथली नॉर्मल.

जेम्स ब्लिन यांनी १९७८ साली दाखवून दिलं की पृष्ठभाग सपाटच ठेवून नुसत्या या स्तंभिका थोड्या कलत्या केल्या, तरी प्रकाशाचं गणित फसतं आणि सपाट जागा सुरकुतलेली दिसते. त्या कल्पनेतून पुढे नॉर्मल मॅप आला आणि २००४ च्या डूम ३ च्या सुमारास तो गेम्समध्ये सर्रास दिसू लागला.

टाचण्या खोचायची उशी डोळ्यांसमोर आणा. उशीवर हजारो टाचण्या टोचल्यात आणि प्रत्येकीची मान किंचित वेगळ्या दिशेला झुकलीय. नॉर्मल मॅप ही त्या टाचण्यांची नोंदवही. प्रत्येक पिक्सेल एक टाचणी. पिक्सेलचा लाल, हिरवा, निळा अशा प्रत्येक रंगाचा आकडा वेगळ्या चॅनेलमध्ये असतो. टाचणी डावी-उजवीकडे किती झुकली हे लाल चॅनेलमध्ये, वर-खाली किती हे हिरव्यात, आणि पृष्ठभागापासून सरळ बाहेर किती हे निळ्यात. या तिघांना एक्स, वाय आणि झेड म्हणतात.

दिशेचे आकडे उणे एक ते अधिक एक या टप्प्यात असतात, पण पिक्सेलमध्ये ० ते २५५ एवढेच मावतात. म्हणून उणे एकला ०, शून्याला १२८ आणि अधिक एकला २५५ असं लिहून ठेवतात. सरळ उभ्या टाचणीचा एक्स शून्य, वाय शून्य, झेड एक. म्हणजे लाल १२८, हिरवा १२८, निळा २५५. नॉर्मल मॅपचा तो ओळखीचा फिकट जांभळट निळा रंग याच आकड्यांचा. त्यामागे कुणाची आवडनिवड नाही.

गैरसमज इथेच होतो. फाइल चित्रासारखी दिसते, म्हणून आपण, आपला प्रोग्रॅम आणि कधीकधी गेमसुद्धा तिला चित्रासारखी वागवतो. चित्रात एखाद्या रंगाची छटा जराशी बदलली तर डोळा सांभाळून घेतो. इथे छटा बदलली की टाचणीची दिशा बदलते.

खड्डे पडलेले रिव्हेट

पहिल्या तक्रारीचं कारण हिरव्या चॅनेलमध्ये आहे. 'वर' म्हणजे वाय वाढतो की कमी होतो, यावर जगात दोन पद्धती आहेत. ग्राफिक्स कार्डाशी बोलणाऱ्या दोन प्रणालींची नावं त्यांना पडली आहेत. ओपनजीएल पद्धतीत वर पाहणाऱ्या उतारावर हिरवा उजळ असतो, डायरेक्टएक्स पद्धतीत गडद. थ्रीडी मॉडेल बनवणारा ब्लेंडर आणि युनिटी, गोडो ही गेम इंजिनं पहिली पद्धत पाळतात. अनरियल इंजिन आणि स्कायरिम, फॉलआउट ४ हे गेम दुसरी. ब्लेंडरमध्ये बेक केलेला मॅप, म्हणजे बारीक तपशिलाच्या मॉडेलवरून मोजून काढलेला मॅप, तसाच्या तसा स्कायरिममध्ये टाकला की वरचा उतार खालचा होतो आणि उंचवट्याचा खड्डा.

ओळखायची युक्ती सोपी आहे. मॅपमध्ये एखादा नक्की फुगीर भाग शोधा, रिव्हेट असेल तर उत्तम, आणि फक्त हिरवा चॅनेल उघडा. रिव्हेटची वरची कड उजळ असेल तर मॅप ओपनजीएलचा. खालची कड उजळ असेल तर डायरेक्टएक्सचा. दुरुस्तीसाठी एकट्या हिरव्या चॅनेलला इन्व्हर्ट करायचं, बाकी दोघांना हात लावायचा नाही. मायक्रोसॉफ्टच्या टेक्सकॉन्व्ह या साधनात तर हिरवा उलटवण्यासाठी वेगळी सोयच आहे.

त्याच ओघात आणखी एक. रंगाचं टेक्स्चर आपण सहज आडवं फ्लिप करतो, ९० अंशांत फिरवतो. नॉर्मल मॅपवर तेच केलं तर टाचण्यांच्या जागा बदलतात, पण वहीत लिहिलेल्या दिशा जुन्याच राहतात. आडवं फ्लिप केलंत तर लाल चॅनेलही इन्व्हर्ट करावा लागतो. फिरवायचंच असेल तर मॉडेलवरून पुन्हा बेक करणं जास्त खात्रीचं.

उजेडाची पट्टी आणि दिशेची पट्टी

वरच्या तक्रारींत न आलेली आणखी एक अडचण जास्त लपलेली आहे. माणसाचा डोळा अंधाऱ्या छटांमधले बारीक फरक चांगले ओळखतो, उजळ छटांमधले कमी. म्हणून रंगीत चित्रं साठवताना आकड्यांची पट्टी मुद्दाम असमान आखलेली असते. तिला एसआरजीबी म्हणतात. चित्र वाचताना गेम ती असमान पट्टी परत सरळ करतो. रंगासाठी हे अगदी योग्य. दिशेचे आकडे मात्र आधीपासूनच सरळ, सारख्या अंतरांच्या पट्टीवर मोजलेले असतात. त्या पट्टीचं नाव लिनियर.

नॉर्मल मॅपवर चुकून एसआरजीबीचा शिक्का बसला तर काय होतं, ते एका पिक्सेलवर करून बघू. सपाट जागा, लाल १२८. सरळ वाचलं तर तो ०.५, म्हणजे दिशा शून्य, टाचणी उभी. एसआरजीबी समजून वाचलं तर तोच १२८ सुमारे ०.२१६ होतो आणि त्याची दिशा येते उणे ०.५७. हिरव्याचंही तसंच. निळा २५५ असल्याने तो तेवढा जागचा हलत नाही. तिघांचा मेळ घातला तर अगदी सपाट जागेवरची टाचणी जवळजवळ ३९ अंशांनी कोपऱ्याकडे कललेली निघते. मग सगळ्या भिंतीवर प्रकाश विचित्र बाजूने येतो आणि दोन तुकड्यांच्या सांध्यावर शिवण उघडी पडते. म्हणून एक्स्पोर्टच्या खिडकीत एकाच प्रकाराची दोन नावं दिसली, एकात एसआरजीबी आणि दुसऱ्यात युनॉर्म किंवा लिनियर, तर नॉर्मल मॅपसाठी दुसरं घ्यायचं.

सोळा माणसं, चार मापं

आता त्या चौकोनी ठिपक्यांकडे. इथे जरा सावकाश जावं लागेल, कारण फॉरमॅट निवडण्याचं सगळं शहाणपण या भागात आहे.

गेमची टेक्स्चर्स बहुतेक डीडीएस फाइलमध्ये असतात. डीडीएस हा डबा आहे. आत माल कोणत्या पद्धतीने दाबून भरलाय हे वेगळं ठरतं आणि बीसी१ ते बीसी७ ही त्या पद्धतींची नावं. बीसी म्हणजे ब्लॉक कॉम्प्रेशन. चित्राचे चार गुणिले चार पिक्सेलचे ठोकळे पाडायचे आणि प्रत्येक ठोकळा ठरावीक बाइट्समध्ये बसवायचा. ठोकळ्याचा आकार ठरलेला असल्यामुळे ग्राफिक्स कार्डाला हवा तो ठोकळा क्षणात सापडतो, सगळी फाइल उलगडावी लागत नाही.

बीसी१, ज्याचं जुनं नाव डीएक्सटी१, एका ठोकळ्याला फक्त ८ बाइट्स देतो. त्यात दोन रंग लिहिलेले असतात आणि त्यांच्या मधले दोन हिशेबाने काढलेले, असे एकूण चार. सोळा पिक्सेलना या चारांतलाच एकेक घ्यावा लागतो. सोळा माणसांना सदरे शिवायचे आणि मापं मात्र चारच, असा प्रकार. त्यात ही चार मापं एकाच सरळ रेषेत असतात. उंची वाढली तर रुंदीही त्याच प्रमाणात वाढणार, उंच आणि सडपातळ माणसाची सोयच नाही.

लाकडाच्या फळीचा रंग असेल तर हे खपून जातं, कारण एवढ्याशा ठोकळ्यातल्या छटा साधारण एकाच तपकिरी रेषेत असतात. आता रिव्हेटची गोलाई घ्या. एका ठोकळ्यात काही टाचण्या डावीकडे कलल्यात, काही वर, काही दोन्हीच्या मधे. लाल आणि हिरवा इथे एकमेकांपासून स्वतंत्र बदलतात, त्यांना एका रेषेत कोंबलं की गोलाईच्या पायऱ्या होतात. शिवाय ठोकळ्याचे दोन मूळ रंग लिहिताना लालला ३२ पायऱ्या मिळतात आणि हिरव्याला ६४. लालच्या त्या पायऱ्यांत १२८ नाहीच. अलीकडे १२३, पलीकडे १३२. मधले दोन रंग थोडी भरपाई करतात, पण अगदी सपाट जागासुद्धा नेमकी सपाट राहील याची खात्री उरत नाही. चकचकीत धातूवर दिसणारे ठिपके ते हेच. खडबडीत दगडावर ते लपतात, म्हणून बीसी१ कधी पुरतो आणि कधी नाही हे बरंचसं पृष्ठभागाच्या चकाकीवर ठरतं.

बीसी३, म्हणजे जुना डीएक्सटी५, ठोकळ्याला १६ बाइट्स देतो. नाव मोठं असल्यामुळे लोक तो दुप्पट चांगला समजतात. पण वाढीव ८ बाइट्स फक्त अल्फा या चौथ्या चॅनेलला जातात. लाल, हिरवा आणि निळा यांचे हाल बीसी१ इतकेच राहतात. जुन्या प्रोग्रॅमर्सनी यावर छान तोड काढली होती. अल्फाला स्वतःच्या ८ पायऱ्या मिळतात ना, मग लालमधला एक्स उचलून अल्फात ठेवा आणि वाय हिरव्यातच राहू द्या. डूम ३ ने हे केलं होतं, युनिटीतही ही अदलाबदल बरीच वर्षं चालली. मात्र हे वाचणाऱ्या शेडरला, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर प्रकाशाचा हिशेब करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला, ती अदलाबदल माहीत असावी लागते. माहीत नसलेल्या गेमला अशी फाइल दिली तर सगळा विस्कोट.

बीसी५ खास नॉर्मल मॅपसाठीच जन्माला आला. एटीआय कंपनीने २००४ मध्ये ३डीसी या नावाने तो आणला आणि पुढे डायरेक्ट३डी १० मध्ये (डायरेक्ट३डी हा डायरेक्टएक्सचाच थ्रीडी भाग) तो बीसी५ झाला. यात दोनच चॅनेल असतात, लाल आणि हिरवा, आणि प्रत्येकाला स्वतंत्र ८ बाइट्स व स्वतंत्र ८ पायऱ्या. मग निळ्याचं काय? तो लिहायची गरजच नसते. टाचणीची लांबी कायम एक असते. एक्स आणि वाय कळले की झेड शाळेतल्या पायथागोरसच्या गणिताने निघतो. एक्स ०.६ आणि वाय शून्य असेल तर झेड ०.८ असलाच पाहिजे. तीन आकड्यांची जागा दोघांनाच मिळते, म्हणून ते इतके स्वच्छ राहतात. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली ही सगळ्यात देखणी कल्पना आहे.

बीसी७ डायरेक्ट३डी ११ सोबत आला. १६ बाइट्सच, पण प्रत्येक ठोकळ्यासाठी तो आठ वेगवेगळ्या रचनांपैकी जी जास्त जुळेल ती निवडतो. चारही चॅनेल बऱ्यापैकी सांभाळतो. सेव्ह व्हायला वेळ लागतो, तेवढं सोसावं.

मग सगळीकडे बीसी७ किंवा बीसी५ वापरला तर?

हा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं उत्तर गेमवर अवलंबून आहे. फाइल कितीही उत्तम असली तरी गेमला ती वाचता आली पाहिजे आणि गेम ज्या चॅनेलमध्ये जे शोधतो ते तिथे असलं पाहिजे.

२०११ चा मूळ स्कायरिम डायरेक्ट३डी ९ वर चालतो. त्या काळी बीसी७ अस्तित्वात आला असला तरी या गेमला तो कळत नाही. तिथे बीसी१, बीसी३ किंवा मग न दाबलेली फाइल. २०१६ ची स्पेशल एडिशन डायरेक्टएक्स ११ वर आहे, तिथे बीसी७ खुशाल वापरा. २०१५ च्या फॉलआउट ४ चे नॉर्मल मॅप बीसी५ मध्ये असतात आणि चकाकीची माहिती वेगळ्या फाइलमध्ये.

बीसी५ ची फाइल निळा चॅनेल प्रत्यक्ष वाचणाऱ्या गेमला दिली तर निळ्याच्या जागी त्याला शून्य मिळतं. आपल्या वहीच्या नियमाने शून्य म्हणजे उणे एक. सगळ्या टाचण्या आतल्या बाजूला तोंड करून बसतात आणि पृष्ठभाग काळवंडतो.

स्कायरिममध्ये माणसांच्या शरीरासाठी आणखी एक जात आहे, मॉडेल स्पेस नॉर्मल मॅप. यात दिशा पृष्ठभागापासून न मोजता अख्ख्या मॉडेलच्या मानाने मोजतात, म्हणून तो जांभळट न दिसता इंद्रधनुषी दिसतो. पाठीवरची टाचणी मागे तोंड करून असते, म्हणजे तिसरा आकडा उणेही असू शकतो, आणि वर्गमूळ काढताना हे अधिक-उणे कळत नाही. तिथे बीसी५ बादच.

इतकं सगळं पाठ करायची गरज नाही. गेमची मूळ फाइल उघडून तिचा प्रकार, चॅनेल आणि नावाचा शेवट बघायचा. टेक्सकॉन्व्ह ज्या संचात येतं त्यातच फाइलची माहिती दाखवणारं साधनही आहे. गेम बनवणाऱ्यांनी जे केलंय ते गेमच्या शेडरला नक्की कळतं, एवढं तरी त्यातून पक्कं होतं.

ओलं प्लॅस्टिक कुठून आलं?

राहिली चमकणाऱ्या चिलखताची तक्रार. स्कायरिमच्या सर्वसाधारण नॉर्मल मॅपमध्ये अल्फा चॅनेल रिकामा नसतो. कुठला भाग किती चकाकेल हे त्यात लिहिलेलं असतं, पांढरं म्हणजे जास्त, काळं म्हणजे कमी. अल्फा न ठेवता फाइल सेव्ह केली की वाचताना तो सगळीकडे पूर्ण पांढरा मानला जातो. मग चामडं, लोकर, गंजलेलं लोखंड, सगळं सारखंच चमकतं.

याच्या उलटही एक फसगत आहे आणि ती जास्त जिव्हारी लागते. काही प्रोग्रॅम अल्फाला पारदर्शकता समजतात. जिथे अल्फा पूर्ण काळा, तिथे पिक्सेल अदृश्य, आणि अदृश्य पिक्सेलचा रंग कशाला जपायचा, असा त्यांचा हिशेब. जिम्प या चित्रं सुधारण्याच्या प्रोग्रॅममधून पीएनजी काढताना पारदर्शक पिक्सेलचे रंग जपण्याचा एक पर्याय असतो. तो बंद राहिला तर मॅट भागातल्या सगळ्या दिशा पुसल्या जातात. चामड्याच्या पट्ट्यावर तासन्‌तास कोरलेली शिवण अशीच नाहीशी होते. त्यामुळे मधल्या टप्प्यासाठी टीजीए या प्रकारची चित्र-फाइल वापरावी आणि अल्फा वेगळा चॅनेल म्हणूनच हाताळावा. शेवटची डीडीएस पुन्हा उघडून चारही चॅनेल एकेक करून पाहून घ्यावेत.

पीएनजीत तर काहीच हरवत नाही, मग तीच का देऊ नये?

हरवत नाही हे खरं. पण ग्राफिक्स कार्डाला पीएनजी थेट वाचता येत नाही. ती आधी पूर्ण उलगडावी लागते. २०४८ गुणिले २०४८ चा चार चॅनेलचा मॅप उलगडला की १६ एमबी होतो. बीसी३, बीसी५ किंवा बीसी७ मध्ये तोच ४ एमबी, बीसी१ मध्ये २ एमबी. एका चिलखतापुरतं चालेल, शेकडो टेक्स्चर्स असलेल्या शहरात नाही. दाबलेला ४०९६ चा मॅप न दाबलेल्या २०४८ च्या मॅपइतकीच जागा घेतो, हेही लक्षात असू द्या. जेपीजीचा विचार तर मनातही आणू नये. रंगाची माहिती अर्ध्या तपशिलात ठेवून ती जागा वाचवते, आणि आपली सगळी माहिती रंगातच आहे.

मिपमॅप म्हणजे लांबून पाहण्यासाठी त्याच टेक्स्चरच्या अर्ध्या, पाव, त्याहून लहान होत जाणाऱ्या प्रती. त्या ठेवल्याने जागा एक तृतीयांशाने वाढते, पण त्या नसतील तर दूरची भिंत चालताना लुकलुकते. लहान प्रती बनवताना शेजारच्या टाचण्यांची सरासरी काढली जाते आणि सरासरीत टाचणीची लांबी घटते. म्हणून लांबी पुन्हा एक करणारा नॉर्मलाइझ हा पर्याय असेल तर तो चालू ठेवावा. मापं ५१२, १०२४, २०४८ अशीच ठेवावीत.

एकदा दाबलेली डीडीएस उघडून, थोडं सुधारून, पुन्हा दाबायची सवय मात्र मोडायला हवी. प्रत्येक फेरीत सोळा माणसांची मापं नव्याने घेतली जातात, तीही आधीच चुकलेल्या सदऱ्यांवरून. मूळ मॅप टीजीएत किंवा १६ बिटच्या पीएनजीत बाजूला जपून ठेवावा. डीडीएस दर वेळी त्याच्यावरून नवी काढावी, आणि जुनी पुसून टाकावी.